बंद शटरचा खर्च

प्रश्न: गिरगावात सासऱ्यांच्या वेळचं आमचं आठ टेबलांचं हॉटेल आहे. मिसळ, थालीपीठ, साबुदाणा वडा. कोविडात कसंबसं तगलो. २०२१ मध्ये सरकारी हमीवरचं कर्ज घेतलं, त्याचे हप्ते अजून चालू आहेत. गिऱ्हाईक परत आलंय, पण पुन्हा तशी साथ आली तर? विमा उतरवला तर भागेल का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर: ताई, दादरला माझी खानावळ होती. त्या मार्चमध्ये बसून खाणं बंद झालं तेव्हा दहा किलो मटकी मोड आणायला फडक्यात बांधलेली होती. इमारतीत घरोघर वाटली. पंगत पुन्हा बसली ती ५ ऑक्टोबर २०२० ला, तीही निम्म्या खुर्च्यांवर. एप्रिल २०२१ मध्ये परत नुसतं पार्सल.

विम्यावर भिस्त ठेवू नका. आगीच्या विम्याला जोडून बुडालेल्या नफ्याची भरपाई घेता येते, पण ती सहसा जागेचं किंवा मालाचं प्रत्यक्ष नुकसान झालं तरच मिळते. साथीत भट्टी जळत नाही, भिंत पडत नाही.

आज रात्री गल्ला मोजून झाला की एक आकडा काढा: शटर महिनाभर बंद राहिलं तर किती रुपये जातात? भाडं, पगार, विजेचा स्थिर आकार, हप्ता. मी हा हिशेब कधी मांडलाच नव्हता. म्हणून घाबरून तिसऱ्या महिन्यात आचाऱ्याचा पगार थांबवला. तो गावी गेला आणि नंतर दुसरीकडे लागला. अठरा वर्षं त्याच्या हातची आमटी खाल्लेली माणसं नव्या आमटीचा एक घास घेऊन ताट बाजूला सारायची. ते मी गल्ल्यावरून बघत होतो. पैसे त्याच्या निम्म्या पगारापुरते होते, हे आजही सलतं. तुमच्या आचाऱ्याला निदान निम्मा पगार सहा महिने देता येईल एवढी रक्कम आधी वेगळी काढा, बाकी सगळं नंतर.

ती कुठून काढायची? हॉटेलांसाठीचं ते कर्ज सहा वर्षांचं, त्यात पहिली दोन वर्षं मुद्दल नाही. तुमचं त्यातलंच असेल तर ते २०२७ मध्ये फिटेल. फिटल्यावर हप्त्याएवढीच रक्कम दर महिन्याला आवर्ती ठेवीत टाका. घर तेवढ्यात चालवायची सवय झालेलीच आहे.

पार्सल आत्तापासून बसवा. तर्री वेगळ्या डब्यात, फरसाण कोरड्या पुडीत. थालीपीठ गरम असताना झाकण लावलं की वाफेने लोळागोळा होतं, ते कागदात गुंडाळूनच द्या. साबुदाणा वडा मात्र पार्सलला नकोच. आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांना विचारून त्यांचे फोन नंबर वहीत लिहा. ॲपवरून येणाऱ्याचा नंबर बहुतेक वेळा ॲपकडेच राहतो, आणि दर ऑर्डरमागे कमिशन कापलं जातं ते वेगळंच. आमच्या वहीत त्रेसष्ट नंबर होते. दुसऱ्या बंदीत खानावळ त्यांच्याच डब्यांवर चालली.

बंद शटरचा आकडा निघाला की मला कळवा.