नुसतं चालताना बघून आजार ओळखता येतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: निपाणीजवळच्या गावात राहणारे ६६ वर्षांचे वडील, चालताना त्यांच्या उजव्या पायातली चप्पल वर्षभरापासून सारखी निसटते. डॉक्टरांनी त्यांना दहा-बारा पावलं चालायला लावलं, गुडघ्यावर-घोट्यावर हातोडी मारून बघितली, रक्त तपासायला सांगितलं आणि एमआरआय लगेच नको म्हणाले. घरच्यांना वाटतंय की नीट तपासलंच नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, बेळगाव-खानापूर भागात अठरा वर्षं काम करतोय. मनापासून सांगतो, त्या दहा-बारा पावलांत डॉक्टरांनी बरंच काही बघितलं असणार. मी स्वतः तर पेशंट दारातून आत येतो तेव्हापासूनच बघायला लागतो, कारण 'आता चालून दाखवा' म्हटलं की माणूस सावध होतो आणि जरा बरंच चालतो.

तुमच्या वडिलांना मी पहिलं विचारलं असतं ते हे: चप्पल निसटली की तुम्हाला कळतं का?

पायाची बोटं चप्पल धरून ठेवतात, आणि आपल्याकडच्या चपलेला मागे पट्टा नसल्यामुळे सगळी भिस्त त्या पकडीवरच असते. चप्पल सुटतेय हे कळतंय पण धरून ठेवता येत नाही, म्हणजे स्नायूंची ताकद कमी झालीय. चप्पल मागे राहिली आणि माणूस तसाच पुढे गेला, तर तळव्याची संवेदना गेलीय. माझ्याकडे एक आजोबा यायचे, ते म्हणाले, "पायताण कुठं गळालं कळलंच न्हाई बगा, मागनं पोरानं हाक मारली तवा बगितलं." तळव्याला कापूस लावला तर त्यांना काहीच कळत नव्हतं. साखर तपासली, ती बरीच वाढलेली निघाली. अशा बधिरपणामागे मधुमेह असतो, बी-१२ ची कमतरता असते, आणि कुष्ठरोगही असू शकतो, म्हणून अंगावर न दुखणारा फिकट चट्टा आहे का तेही बघावं लागतं. रक्ततपासणी सांगितली ती यातली साखर आणि बी-१२ बघण्यासाठी. मात्र मधुमेहाचा बधिरपणा बहुधा दोन्ही पायांत सारखाच सुरू होतो. तुमच्या वडिलांचा त्रास एकाच पायात आहे, त्यामुळे मी गुडघ्याजवळची नस आणि कंबर या दोन जागा जास्त बारकाईने बघेन.

का, ते एका उदाहरणावरून कळेल. खानापूर तालुक्यातल्या एक काकू भाताच्या भांगलणीनंतर आल्या. आठ-दहा दिवस चिखलात उकिडव्या बसून भांगललं होतं, आणि एका सकाळी डावं पाऊल वर उचलेना. लकवा म्हणून कुणीतरी तीन आठवडे तेल चोळलं होतं. माझ्याकडे शहाबादी फरशीवरून चालत आल्या तेव्हा आधी आवाज ऐकू आला: एक पाऊल गप, दुसरं 'थप्प'. टाच टेकल्यावर पाऊल हळू खाली आणणारे स्नायू कमजोर झाले की ते असं आपटतं. आणखी कमजोर झाले की बोटं फरशीवर घासू नयेत म्हणून माणूस गुडघा उंच उचलतो, पायरी चढतोय असा. याला फूट ड्रॉप म्हणतात.

आता हा दोष कमरेतला की गुडघ्याजवळचा? पाऊल आतल्या बाजूला वळवायला सांगितलं, त्यांनी जोरात वळवलं. कमरेतली पाचवी नस दबली असती तर ही ताकदही गेली असती. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, खालच्या बारीक हाडाच्या मानेवरून (वरच्या टोकाच्या जरा खालून) एक नस अगदी कातडीखालून जाते. तिथं बोटाने टकटक केलं तर पावलाच्या वरच्या भागात करंट गेल्यासारखं झालं. उकिडवं बसून ती नस दबली होती. उकिडवं बसणं बंद केलं, घोट्याला आधाराचा स्प्लिंट दिला, व्यायाम सुरू केले, आणि चार महिन्यांत पाऊल उचलायला लागलं. तासन्‌तास मांडी घालून विड्या वळणाऱ्या बायकांमध्येही मी हेच बघितलंय. वडिलांचं काम बसून करण्याचं असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. गरज पडली तर नसांतून करंट किती वेगाने जातो त्याची तपासणी करता येते.

हातोडी मारली त्यालाही अर्थ आहे. झटका जास्त जोरात आला आणि पाय ताठ असेल तर दोष मेंदूत किंवा मणक्यातल्या मज्जारज्जूत असतो, आणि तिथं एमआरआय लवकर करावाच लागतो. झटका मंद असेल किंवा येतच नसेल तर दोष बाहेरच्या नसेकडे असण्याची शक्यता जास्त.

बाकीच्या चाली दिसायला वेगळ्या असतात. पाय दुखत असला तर माणूस त्या पायावर कमी वेळ थांबतो आणि पटकन दुसरा टेकवतो. खुब्याचे स्नायू कमजोर असले तर धड त्याच बाजूला झुकतं. (अशा वेळी काठी दुसऱ्या, चांगल्या बाजूच्या हातात धरायची. निम्म्याहून जास्त लोक ती उलट धरून येतात.) अर्धांगवायूनंतर पाय विळा फिरवल्यासारखा बाहेरून गोल येतो. पार्किन्सनमध्ये पावलं बारीक होतात, एक हात हलेनासा होतो, उंबऱ्याशी पाय अडकतात आणि वळायला पाच-सहा पावलं लागतात. ज्याला पायांखालची जमीन कळत नाही तो दिवसा बरा चालतो. पण पहाटे अंधारात गोठ्याकडे जाताना किंवा तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. यातल्या कशालाही 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नये, एवढी माझी कळकळीची विनंती.

घरी करण्यासारखं: वडिलांचं धोतर किंवा पँट गुडघ्यापर्यंत वर घेऊन, अनवाणी, समोरून, मागून आणि बाजूने मोबाईलवर व्हिडिओ काढा. भिंतीचा आधार घेऊन टाचांवर चालता येतं का, मग चवड्यांवर येतं का ते बघा. टाचांवर जमत नसेल तर पाऊल उचलणारे स्नायू कमजोर आहेत. खुर्चीतून उठून ३ मीटर जाऊन परत येऊन बसायला १२ सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर पडण्याचा धोका वाढलेला असतो. त्यासाठी न्हाणीत आधाराचा दांडा आजच लावून घ्या. दोन्ही चपला उलट्या करून तळ बघा. उजवीचं टोक जास्त झिजलेलं असेल तर बोटं घासतायत. ती चप्पल डॉक्टरांकडे जाताना बरोबर न्या.

चाल अचानक बदलली, सोबत तोंड वाकडं झालं किंवा हात गळाला, तर एक मिनिट न दवडता मोठ्या हॉस्पिटलला न्या. हा मेंदूचा झटका असू शकतो, आणि रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. पाय लुळे पडून लघवी-संडासवरचा ताबा गेला तरी तसंच पळवा.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत इतकी घाई दिसत नाही. चप्पल निसटल्याचं त्यांना कळतं की दुसऱ्याला सांगावं लागतं, ते दोन दिवस नीट बघा आणि इथेच लिहा, मग पुढचं बोलू.