वाचकांचे प्रश्न : चहा प्यायलेला पेशंट

प्रश्न : मी भांडुपला राहते. पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते, सकाळी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. मध्ये वेळ मिळाला की कुणाच्या तरी जिन्यावर बसून मोबाइलवर कथा लिहिते. एक कथा दिवाळी अंकाला पाठवली होती, त्यांचं ना हो, ना नाही. नवरा 'छान आहे' म्हणतो, पण वाचताना त्याचं एक लक्ष मॅचकडे. मराठी घेऊन शिकलेली नाही. घरी मालवणी, कामावर अर्धं इंग्रजी. कुणाचं चांगलं वाचलं की वाटतं, आपण कशाला हा उद्योग करायचा? दोन दिवसांनी पुन्हा लिहायला बसतेच. माझ्यात लेखिका आहे का, हे कसं ओळखायचं? कथा सोबत पाठवतेय. त्यातले आजोबा शेजारच्या काकांवरून सुचले. त्यांनी ओळखलं तर?

उत्तर : तुमच्यात लेखिका आहे का, याची टेस्ट तुमच्या लॅबमध्ये होत नाही, माझ्याकडेही नाही. कथा मात्र मी दोनदा वाचली. तिच्याविषयी बोलू.

पहिली तीन पानं काढून टाका. पाऊस, लोकलची गर्दी, न झोपणारी मुंबई हे सगळं तुम्ही कुठेतरी वाचलेलं आहे. कथा सुरू होते चौथ्या पानावर. आजोबा म्हणतात, "उपाशीपोटीच आहे गं," आणि मोरीत चहाचा कप ओला पडलेला. साखर तपासायची राखाडी झाकणाची नळी हातात घेऊन रक्त घ्यायला आलेली मुलगी उभी. खोटं पकडायचं, की चुकीचा रिपोर्ट जाऊ द्यायचा? पकडलं तर सुनेसमोर म्हाताऱ्याची लाज जाणार. हा पेच मला टेबलाशी बसून जन्मात सुचला नसता. आणि तुम्ही तो सहा ओळींत उरकलात! तिथे थांबा. शीर सापडेपर्यंत तो हात तिच्या हातात आहे, तेवढ्या वेळात दोघं काय बोलतात?

त्याऐवजी तुम्ही दीड पान १८ जानेवारी १९८२ च्या गिरणी संपाचा इतिहास सांगितला आहे. आजोबा गिरणीत होते हे त्यांच्या मोठ्याने बोलण्यावरूनही कळेल. सांच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर, वर्षं काढलेल्यांना कमी ऐकू येतं, हे तुम्हाला पेशंटच्या घरी दिसलं असणारच.

भाषेचं म्हणाल, तर आजी 'तुका काय कळता?' म्हणते ते एकच वाक्य साऱ्या संवादांत जिवंत आहे. बाकी सगळे बातम्या दिल्यासारखे बोलतात. १९६५ मध्ये भाऊ पाध्यांची 'वासूनाका' ही कादंबरी आली तेव्हा नाक्यावरच्या पोरांच्या बोलीवरून केवढा गदारोळ झाला होता, आज तीच बोली तिचं बळ मानली जाते. शिक्षणाचा विषय निघाला की सगळे अण्णाभाऊ साठ्यांचं नाव घेतात, मीही घेते. तुमच्यापासून तीन स्टेशनांवर घाटकोपर, तिथल्या चिरागनगरात ते राहायचे. शाळा नावापुरती आणि १९५९ मध्ये 'फकिरा'. पण असल्या दाखल्यांनी धीर येतो, कथा सुधारत नाही. ती खोडूनच सुधारते.

उत्तर न येण्याचं फार मनाला लावून घेऊ नका. 'सत्यकथे'त संपादक राम पटवर्धन नव्या लेखकांना लांबलचक पत्रं लिहून कथा पुन्हा लिहायला लावत. ते मासिकही संपाच्याच साली, १९८२ मध्ये बंद पडलं. आता अनेक दिवाळी अंकांचं काम दोघं-तिघं जण आपली नोकरी सांभाळून करतात. 'साभार परत'ची चिठ्ठी निदान हातात पडायची, हल्ली तीही नाही. हा उद्धटपणाच आहे, पण तुमच्या कथेवरचा शेरा नव्हे. जूनच्या आत, युनिकोडमध्ये, ईमेलने पाठवा. दोन महिन्यांनी एकदा विचारा. मग 'कथा मागे घेते' असं कळवून दुसरीकडे द्या. नवऱ्याला वाचायला द्यायची तर आयपीएल संपल्यावर.

काकांचा मजला, मुलांची संख्या, लकबी बदला. एवढं करूनही त्यांनी ओळखलंच, तर बहुतेक चहाबद्दल भांडतील. काय भांडले ते मात्र लिहून ठेवा. पुढची प्रत, तीन पानं वगळून, मला पाठवा.