फसवा आंबा आणि फसवणारा आंबेवाला

एका अनुवादकाने विचारलंय : माणसाच्या आयुष्यातल्या 'डिसेप्टिव्हनेस'ला मराठीत काय म्हणावं? फसवणूक, फसवेपणा की फसवेगिरी?

'फसवणूक' नको. का, ते आंब्यावरून सांगतो. हापूसची पेटी आणली. फळ केशरी, देठाशी घमघमाट, हाताला बेताचं मऊ. कापलं तर कोयीलगत पांढरट, भुसभुशीत, आंबूस गर. याला साका म्हणतात. तो बाहेरून दिसत नाही, विकणाऱ्यालाही कापल्याशिवाय कळत नाही. म्हणजे आंबा फसवा निघाला, आपली फसगत झाली, पण फसवणूक कोणीच केली नाही. याउलट कर्नाटकचा आंबा 'देवगड' छापलेल्या खोक्यात भरून विकला, तर तो कितीही गोड निघो, ती फसवणूकच. (कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते नाव जपण्यासाठीच.)

थोडक्यात, फसवणूक कोणीतरी करतं, फसगत सहसा होते आणि फसवेपणा नुसता असतो. मागे 'गिरी' लागली की मात्र धंदा आला : दादागिरी, भोंदूगिरी, तशी फसवेगिरी.

गंमत म्हणजे 'फसवा' हे विशेषण आपण अख्ख्या माणसाला फारसं लावत नाही. हवा फसवी, घाटातलं वळण फसवं, एखाद्याचं हसू फसवं. माणूस मात्र लबाड, बनेल, भामटा. मला वाटतं, हे मुळातल्या 'फसणे'मुळे. विदर्भात गाडी चिखलात फसते, लाडवांचा पाक फसतो, सहलीचा बेत फसतो आणि माणूसही फसतो. क्रियापद एकच, आणि दोष कुणाचा ते सांगायची त्याला गरजच पडत नाही.

तेव्हा आयुष्य वरून एक आणि आतून दुसरंच, असं म्हणायचं असेल तर 'फसवेपणा' चपखल. माणसं एकमेकांना जाणूनबुजून गंडवतात, असं म्हणायचं असेल तर 'फसवेगिरी'. स्वतःलाच गंडवणं असेल तर 'आत्मवंचना' आहेच, जड असली तरी.

'छळ' मात्र चुकूनही वापरू नका. संस्कृतातल्या 'छल'चा अर्थ कपट, हिंदीतही तोच. मराठीत आल्यावर तो जाच, त्रास होऊन बसला. जुना अर्थ उरलाय तो 'छळकपट' या जोडशब्दात.