45 किलो उतरले, आता लोंबणारी कातडी कधी काढावी? डिसेंबरात बहिणीचं लग्न आहे

तुम्ही लिहिलंय की बेरिअ‍ॅट्रिक (वजन उतरवायची पोटाची शस्त्रक्रिया) होऊन नऊ महिने झाले, वजन अजून महिन्याला दोन-अडीच किलोंनी उतरतंय, पोट आणि दंड दोन्हीकडे कातडी लोंबते, तर लग्नाआधी दोन्ही एकदम उरकून घेता येईल का.

नाही. काटा खाली येत असताना कातडी कापायची नसते. बेरिअ‍ॅट्रिकनंतर साधारण 12 ते 18 महिने जाऊ द्यायचे आणि त्यातले शेवटचे निदान तीन, खरं म्हणजे सहा महिने वजन एका जागी थांबलेलं हवं. किलो-दोन किलो इकडेतिकडे चालतं. लग्न बहिणीचं आहे, तुमच्या पोटाचं नाही.

तिखट बोललो, पण हाच वाद मी आमच्या दादाशी घातलाय आणि तो अजून मिटलेला नाही. फक्त आमच्याकडे लग्नाच्या जागी जत्रा होती.

आमचं गाव गोव्यात, फोंडा तालुक्यात. जत्रेच्या रात्री पौराणिक नाटक झालं नाही तर देव रागावेल की नाही ठाऊक नाही, पण गाव नक्की रागावेल. त्या नाटकात भीम कायम मी. 138 किलोंचा भीम, छातीला कापूस बांधायची गरज नाही, गदा उचलून नुसता विंगेतून आलो की टाळी. दादा दिग्दर्शक, प्रॉम्प्टर आणि पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरणारा, सगळं एकटाच. मग साखर वाढली, गुडघे गेले आणि मी स्लीव्ह, म्हणजे जठर कापून लहान करायची शस्त्रक्रिया, करून घेतली. नऊ महिन्यांत 97 वर आलो. तुमच्याइतकाच काळ, म्हणून तर हा प्रश्न वाचून बोटं शिवशिवली.

भीम उघड्या अंगाचा. तालमीला धोतर नेसून कमरपट्टा आवळला तर पोटाची घडी पट्ट्यावरून खाली उतरली, आणि सगळ्यांसमोर दादा म्हणाला, "दुसऱ्याची ड्रेपरी चढवून आलास की काय?" सगळे हसले. मीही हसलो. पण दुसऱ्या दिवशी तो एका क्लिनिकचा कागद घेऊन घरी आला. कुठल्या ते सांगत नाही. पॅकेज, सवलत, सगळं ठरवून. "कित्याक रावता रे? जत्रेक अजून वेळ आसा." म्हणजे, थांबतोस कशाला. हाच दादा चार महिन्यांआधी मला सांगत होता की कापाकापी कशाला, खोबरेल तेलाने मालिश कर, कातडी आपोआप आत जाते. जात नाही. इतकी ताणलेली कातडी तेलाने, क्रीमने, पट्ट्याने आत जात नाही. तिच्यातले लवचीक धागेच तुटलेले असतात. व्यायामाने खालचा स्नायू भरतो, वरची कातडी लोंबायची ती लोंबतेच.

दादाच्या समाधानासाठी त्या क्लिनिकात गेलो. समोरच्या माणसाने फोटोंचा आल्बम दाखवला, जत्रेची तारीख विचारली, आगाऊ किती भरणार ते विचारलं. वजन केलं नाही. हिमोग्लोबिन विचारलं नाही. मागच्या महिन्यात किती उतरलं हेही नाही. मी उठलो. घरी आल्यावर दादाने "भियेलो", म्हणजे घाबरला, असा शिक्का मारला, तो आजतागायत आहे.

आता थांबायचं का, ते ऐका. सर्जन कातडी ओढून किती कापायची हे आजच्या अंगावर ठरवतो. उद्या आतली चरबी आणखी उतरली की शिवलेली कातडी पुन्हा सैल, आणि ह्या कंबरेच्या टोकापासून त्या टोकापर्यंतचा व्रण मात्र कायमचा. दुसरं कारण रक्तातलं. वजन झपाट्याने उतरत असतं तेव्हा शरीराला प्रथिनं पुरत नाहीत, लोह, बी-12, ड जीवनसत्त्व बऱ्याचदा खाली असतं. अशा अंगावर हातभर लांब टाका घातला तर तो उसवायची, पाणी धरायची, पिकायची भीती जास्त. मी शेवटी ज्या सर्जनकडे गेलो त्याने पहिल्याच भेटीत रक्ताचे रिपोर्ट बघून मला परत पाठवलं. हिमोग्लोबिन कमी, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) काठावर. बांगडे, अंडी, मूग आणि लोहाच्या गोळ्या, ह्यावर काही महिने. सिगारेट ओढत असाल तर निदान चार आठवडे आधी बंद आणि नंतरही बंद. निकोटिनने कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि टाक्याची कड काळी पडते. वजन उतरवायचं इंजेक्शन चालू असेल तर भूलतज्ज्ञाला आधी सांगा. त्याने पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, नेहमीचा उपास पुरेलच असं नाही.

थांबणं सोपं असतं असं नाही. पावसाळा गोव्यातला. घडीत घाम, घामावर खाज, खाजेवर बुरशी. आंघोळ झाली की घडी उचलून धरायची, हेअर ड्रायर थंड वाऱ्यावर ठेवून आतलं कोरडं करायचं, मलम चोळायचं आणि जुन्या सुती धोतराची पट्टी घडीत घालायची. दुपारी ऑफिसच्या संडासात ती पट्टी बदलायची. बायको रोज अशा पट्ट्या धुऊन दोरीवर वाळत घालायची आणि पावसात त्या वाळायच्या नाहीत, मग इस्त्री. हे दादाला कधी दिसलं नाही.

त्या वर्षी मी धृतराष्ट्र केला. अंगरखा, शाल, बसून काम. टाळी भीमापेक्षा जास्त पडली, पण ते दादाकडून वदवून घेणं देवालाही जमणार नाही.

दीड वर्षाला मी 84 वर थांबलो. 97 वजा 84. दादाचं ऐकून जत्रेआधी पोट कापलं असतं तर त्यानंतरचे तेरा किलो कुठून उतरले असते? त्याच पोटावरून. दादा म्हणतो, काही बिघडलं नसतं. मी म्हणतो, पुन्हा टेबलावर चढावं लागलं असतं, आणि तो खर्च नाटकाच्या वर्गणीतून निघाला नसता.

नंतर अर्ध वर्ष काटा हलला नाही, तेव्हा शस्त्रक्रिया झाली. आदल्या संध्याकाळी सर्जनने मला उभं करून पोटावर मार्करने रेषा मारल्या. आडवं झालं की कातडी बाजूला सरकते, म्हणून हे उभ्यानेच करतात. घरी आलो तो दोन्ही बाजूंना आत साचणारं पाणी काढायच्या नळ्या आणि त्यांना प्लॅस्टिकचे फुगे, बनियनला सेफ्टी पिनने टाचलेले. फुग्यात किती मिली जमलं ते बायको कॅलेंडरवर लिहायची. दिवसाला 30 मिलीच्या खाली आलं तेव्हा नळ्या काढल्या. सुरुवातीला पोट इतकं ताठ की कंबरेत वाकूनच चालायचं, सरळ उभं राहायचं नाही. सहा आठवडे पट्टा, वजन उचलणं बंद. तुमची शस्त्रक्रिया कधीही होवो, त्यानंतरच्या दीड महिन्यात चवथ (गणेश चतुर्थी) येत नाही एवढं बघा, नाहीतर गणपतीवरची फळा-पानांची माटोळी बांधायला तुम्हालाच स्टुलावर चढवतील.

पैशाचं एक. विमा कंपन्या ह्याला सौंदर्याची शस्त्रक्रिया म्हणून सरसकट बाहेर ठेवतात. आरोग्याला थेट धोका आहे म्हणून गरजेची आहे, असं डॉक्टरने लिहून दिलं तर वाट उरते. तेव्हा घडीतल्या जखमांचे फोटो आणि त्वचेच्या डॉक्टरचे कागद आतापासून जपा. खासगीत पैसे भरण्याआधी बांबोळीला गोमेकॉच्या (सरकारी गोवा मेडिकल कॉलेजच्या) प्लास्टिक सर्जरी विभागात एकदा दाखवून या.

आणि हो, हे वर सांगायला हवं होतं: घडीत पुन्हा पुन्हा जखमा पिकत असतील किंवा हर्निया असेल तर माझा दीड वर्षाचा हट्ट धरू नका, डॉक्टर आधीही करतात. मूल व्हायचं असेल तर मात्र पोट बाळंतपणानंतर, नाहीतर पुन्हा ताणलं जाईल. मधुमेह असेल तर साखर आधी ताब्यात आणा.

दंडाचं राहिलं. काही सर्जन पोटाबरोबर दंड करतात, काही वेगळे, किती तास भूल द्यायची त्यावर ते ठरतं. दोन्ही एकदम केलेत तर पहिले काही दिवस उठायला हातांचा आधार घेता येणार नाही आणि पोटाचाही, तेव्हा घरात उचलणारं माणूस कोण ते आधी ठरवा. लग्नाला लांब बाह्यांचा ब्लाउज शिवा, शिंप्याला आत्ताच सांगा. डिसेंबरात फोंड्यातले सगळे शिंपी "उद्या या" म्हणतात.