सरकार आमची शेतजमीन संमतीशिवाय घेऊ शकतं का? कायद्याने त्यांना काय काय करावं लागतं?

घेऊ शकतं. खासगी कंपनीसाठी असेल तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याने ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते, खासगी भागीदारी असेल तर ७० टक्के. पाट, तलाव सरकार स्वतःच करत असेल तर संमती कोणी विचारत नाही. अधिसूचना, ६० दिवसांत हरकती, सुनावणी, मग निवाडा, म्हणजे मोबदला ठरवणारा आदेश. हे सगळे सांगतील. पावतीचं कोणी सांगत नाही.

पारोळा तालुक्यातली आमची जमीन पाझर तलावात गेली तेव्हा १८९४ चा कायदा होता. वडील आणि थोरले काका, बांधाला बांध. दोघांच्या विहिरी, पण पीकपेरा शेत न बघता बसल्या जागी भरलेला, म्हणून सातबारा जिरायत म्हणजे कोरडवाहू आणि दरही जिरायतीचा. चेक घेताना मी वडिलांना पावतीवर 'हरकत राखून रक्कम स्वीकारली' असं लिहायला लावलं. मी तेव्हा कॉलेजात. काका हसले. "सरकारसंगे भांडीसन काय भेटी? सही कर नि मोकया व्हय."

आमचा वाढीव मोबदल्याचा अर्ज निवाड्यापासून सहा आठवड्यांच्या आत गेला. कोर्टात आठ वर्षं गेली, पण विहीर धरून रक्कम वाढली. काकांनी मागाहून अर्ज केला, तो त्या एका ओळीवाचून उभाच राहिला नाही.

तरी वाट होती. एकाच अधिसूचनेतल्या दुसऱ्याला कोर्टाने वाढवून दिलं तर त्याच जुन्या कायद्याच्या कलम २८-अ खाली निकालापासून तीन महिन्यांत अर्ज करता येत होता. निकालाची नक्कल घेऊन मी त्यांच्या ओट्यावर गेलो. चहा पाजला, नक्कल उघडलीसुद्धा नाही. चुलतभाऊ अजून लग्नकार्यात सांगतो, "यांनी वकील फोडला." दादा, वाचत असशील तर तारखा मोज. आम्ही निकालानंतर अकराव्या दिवशी तुमच्या दारात होतो.

तुम्ही मात्र संयुक्त मोजणीला स्वतः हजर राहा. विहीर, झाडं, पाईपलाईन तिथंच लिहून घ्या. नव्या कायद्यातही विनाहरकत रक्कम घेतली की वाढीव मागणीचा अर्ज चालत नाही; २८-अ ची जागा आता कलम ७३ ने घेतलीय.

हां, जमीन राष्ट्रीय हायवेत जात असेल तर यातलं बरंच लागू नाही. तिथं १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग कायदा, हरकतीला फक्त २१ दिवस आणि मोबदल्याचा वाद लवादाकडे. नोटिशीवर कुठला कायदा छापलाय ते आधी बघा.