पाऊस कणकुंबीला पडलेला असतो

खानापूर

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तू रात्री दीड वाजता पाठवलेला मजकूर मी पहाटे उठल्यावर वाचला. त्याला फोनवर चार शब्दांत उत्तर देणे मला बरे वाटले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मुलाने स्टीलचा तांब्या भिरकावल्यामुळे धाकटीच्या कपाळाला पडलेले तीन टाके, त्यानंतर तू पट्टा काढून त्याला मारलेस ते, आणि रात्री तोच मुलगा तुझ्या अंगावर पाय टाकून झोपला ते, हे सारे तू ज्या क्रमाने लिहिले आहेस त्यावरून तुला टाक्यांपेक्षा पट्ट्याची बोच अधिक आहे हे माझ्या लक्षात आले. ती बोच असू दे. पण तिच्यात बुडून राहू नकोस. पश्चात्तापात बुडालेला बाप दुसऱ्या दिवशी मुलाला मागेल ते देतो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पट्टा शोधतो.

तू माझ्या वर्गात होतास तेव्हा माझा थोरला आठ वर्षांचा होता. वर्गात आवाजही न चढवणाऱ्या तुमच्या बाईंच्या घरी संध्याकाळी काय चालते, याचा तुम्हा मुलांना पत्ता नव्हता. तो चावत असे, भिंतीवर डोके आपटत असे, हाताला येईल ते फेकत असे. एकदा मी त्याला शिक्षा म्हणून माडीवरच्या खोलीत कोंडले आणि त्याने खिडकीच्या काचेवर हात मारला. आज तो निपाणीला गॅरेज चालवतो, गिऱ्हाइकांशी माझ्यापेक्षा गोड बोलतो. पण हात धुताना त्याने बाही वर केली की मनगटावरचा तो वण मला दिसतो. तेव्हा हे पत्र शहाण्या बाईंनी लिहिलेले आहे असे समजू नकोस. चुकून शिकलेल्या बाईचे आहे.

तू लिहितोस की ‘काही कारण नसताना’ त्याने तांब्या फेकला. आमच्या नदीकाठी राहणाऱ्या माणसाला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. गावात ऊन पडलेले असते, धुणी वाळत घातलेली असतात, आणि तरीही मलप्रभेचे पाणी घाटाच्या पायऱ्या चढू लागते, कारण पाऊस वर नदीच्या उगमाशी, कणकुंबीला पडलेला असतो. तुझ्याच मजकुरात कणकुंबीचा पाऊस इकडेतिकडे विखुरलेला आहे, फक्त तू तो ओळीने मांडलेला नाहीस. मुलगा सकाळी सातला व्हॅनमध्ये बसला. डबा अर्धा परत आला. पावसामुळे अंगणात खेळणे झाले नाही. आदल्या रात्री पाहुण्यांमुळे अकरा वाजता झोपला. आणि संध्याकाळी सूनबाईंनी त्याच्या हातातला मोबाइल एकदम काढून घेऊन ‘आधी पाणी पी’ म्हणून तांब्या पुढे केला. मोबाइल ही शेवटची सर होती. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोपेची गरज असते, आणि तुझ्या मुलाला तर नुकतेच सातवे लागले आहे.

म्हणून पहिले काम असे सांगते की शंभर पानी वही घे. मी मास्तरीण आहे, वहीशिवाय मला सुचत नाही असे म्हण हवे तर. प्रत्येक वेळी किती वाजता सुरू झाले, कोण जवळ होते, त्याच्या आधीच्या पाच मिनिटांत कोण काय बोलले, शेवटचे खाणे कधी झाले, पोट साफ होते का, आवाज किंवा गर्दी होती का, किती वेळ चालले आणि कशाने थांबले, एवढे रात्री झोपण्यापूर्वी लिहून ठेव. तीन आठवडे लिही आणि तोवर निष्कर्ष काढू नकोस. पोट साफ होण्याचे वाचून हसू नकोस. माझ्या थोरल्याच्या वाईट दिवसांपैकी कितीतरी दिवस शौचाला न झाल्याचे निघाले, आणि ते मला वहीशिवाय कधीच कळले नसते. ‘कशाने थांबले’ या रकान्याकडे विशेष लक्ष ठेव. मोबाइल परत मिळाल्यावरच जर दर वेळी शांतता होत असेल, तर आरडाओरडा केला की मोबाइल मिळतो हे मूल शिकते आणि मोबाइल दिला की सुटका होते हे आईबाप शिकतात. दोघेही एकमेकांचे गुरू होतात.

येथे एक भेद करावा लागेल. हट्ट करणारे मूल रडताना मधूनच डोळ्यांच्या कोपऱ्यातून आपल्याकडे बघते, भिंतीला डोके लागणार नाही याची काळजी घेते आणि हवे ते मिळाले की पटकन थांबते. ज्याला डॉक्टर मंडळी मेल्टडाउन म्हणतात त्यात मुलाला बघणारा कोणी आहे की नाही याची शुद्ध नसते. मागितलेली वस्तू समोर धरली तरी तो तीच भिरकावतो, आणि नंतर घामाने भिजून, थकून झोपी जातो. भडका उडवणारा मेंदूचा भाग फार लवकर कामाला लागतो, पण त्याला लगाम घालणारा कपाळामागचा भाग पुरता तयार व्हायला विशी उलटून पंचविशीपर्यंत काळ जातो. तुझ्या मुलाच्या बाबतीत मला दोन्ही दिसतात. सुरुवात हट्टाने होते आणि पुढे हट्टाचा लगाम सुटून घोडा उधळतो. म्हणून ‘तो मुद्दाम करतो’ म्हणणारी तुझी आई आणि ‘त्याला कळतच नाही’ म्हणणाऱ्या सूनबाई, दोघींचेही अर्धे बरोबर आहे. रोज त्यावर भांडण्याइतके मात्र कोणाचेच बरोबर नाही.

घोडा उधळल्यावर काय करायचे, हे तू बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत काम करतोस म्हणून तुला सांगणे सोपे आहे. वितळलेल्या धातूच्या रसावर पाणी पडले तर कसा स्फोट होऊ शकतो ते तू मला सांगू शकशील. त्या वेळचा उपदेश, धमकी, ‘माफी माग आधी’ ही आज्ञा, हे सगळे त्या पाण्यासारखे आहे. त्या वेळी एकच काम असते, ते म्हणजे कोणाला इजा होऊ न देणे. धाकटीला कोणी तरी उचलून दुसऱ्या खोलीत न्यावे, आणि हे ‘कोणी तरी’ कोण ते आजच ठरवा. विळी, सुरी, वरवंटा, काचेचे सामान त्याच्या हाताच्या वाटेवर ठेवू नका, आणि जेवणघरातले तांबे काही महिने प्लास्टिकचे असले तरी घराण्याची अब्रू जात नाही. त्याच्यासमोर उभा राहून खाली बघत बोलू नकोस. हातभर अंतर सोडून बाजूला जमिनीवर बस, आवाज खाली आण, आणि ‘मी इथे आहे, लागू देणार नाही’ एवढेच सांगून गप्प राहा. त्याला पालथे दाबून धरणे, छातीवर किंवा पाठीवर भार देणे हे कधीही, कोणीही सांगितले तरी करायचे नाही. त्याने श्वास कोंडतो. रस्त्याकडे धावणार असेल तर धरावेच लागते, पण धोका टळला की सोडावेही लागते. तुझा स्वतःचा हात शिवशिवू लागला तर सूनबाईंना हाक मार आणि बाहेर पायरीवर जा. त्यात तू हरलास असे होत नाही.

शांत झाल्यावरही लगेच शाळा घेऊ नकोस. शरीरातली उसळी ओसरायला अर्धा-पाऊण तास लागतो. पाणी दे, काही खायला दे, जवळ येऊ पाहत असेल तर घे. सांडलेले पुसायला, फेकलेले उचलायला त्याला बरोबर घ्यायचे, पण शिक्षा म्हणून नव्हे. घरात बिघडवलेले आपण नीट करतो एवढ्याच साधेपणाने. धाकटीजवळ जाऊन तिच्या कपाळाला हात लावून ‘दुखते का’ विचारणे हे ‘सॉरी’ घोकून घेण्यापेक्षा मोलाचे आहे. आणि तू मारलेस त्याबद्दल त्याला तूही सांग की बाबांचे चुकले. बाप मुलापुढे नमला तर धाक जातो, असे आपल्याकडची वडीलधारी माणसे म्हणत आली. मला मात्र त्यांच्या धाकात वाढलेली जी मुले वर्गात भेटली, ती माझ्या पाठीमागे सर्वांत जास्त मारामारी करत.

शिकवायचे ते सगळे इतर वेळी. मोबाइल बंद करायचा असेल तर दहा मिनिटे आधी सांगायचे, मग दोन मिनिटे आधी सांगायचे, आणि मग सांगितल्याप्रमाणे बंद करायचाच. सुरुवातीचे काही दिवस तो पूर्वीपेक्षा जास्त ओरडेल, कारण आजवर चालत आलेले नाणे अचानक चालेनासे झाले की माणूस ते आधी जोरात आपटून बघतो. त्या दिवसांत घरातले एकही माणूस विरघळले तर पुढच्या वेळी आणखी जास्त ओरडावे लागते, एवढेच तो शिकेल. शाळेतून आल्यावर प्रश्न न विचारता आधी भूक भागवा. कणीक मळायला द्या, पाण्याची छोटी कळशी उचलायला द्या. अंगाला जोर लावणारी कामे अशा मुलांपैकी पुष्कळांना शांत करतात. आणि दिवसातून एकदा, नेमके काय चांगले केले ते सांगून त्याला शाबासकी द्या. ‘गुणी बाळ’ म्हणून भागत नाही. ‘बहिणीने पेन्सिल घेतली तरी तू हात उचलला नाहीस’ असे सांगावे लागते.

भाषेविषयी तू विचारलेस ते मला आवडले, कारण आपल्या भागात तो प्रश्न खरा आहे. घरी मराठी, गल्लीत कानडी, शाळेत इंग्रजी, आणि बाईंनी दरडावले ते कोणत्या भाषेत हे त्या वेळच्या बाईंवर अवलंबून. दोन-तीन भाषांमुळे मूल मंद होते किंवा बिघडते, या समजाला आधार नाही, तेव्हा घरची मराठी तोडू नकोस. मात्र ज्या मुलाला रागाच्या क्षणी एकही शब्द सापडत नाही, त्याचा हात बोलतो. म्हणून ‘मला आत गरगरतंय’, ‘मला एकटं बसू दे’, ‘आवाज नको’ अशी चार वाक्ये घरच्या बोलीत, तो खुशीत असताना, खेळातल्यासारखी पाठ करून घे, आणि तीच शाळेत उपयोगी पडतील अशी कानडीत वा इंग्रजीतही शिकव. माझ्या थोरल्याचे वाक्य होते ‘आई, वारं सुटलं’. ते ऐकले की मी हातातले काम टाकून त्याला परसात नेत असे.

आवाजावरून आठवले. गेल्या गणपती विसर्जनात आणि शिवजयंतीच्या चित्ररथांच्या मिरवणुकीत तो डॉल्बीच्या भिंतीसमोर किंचाळत लोळला असे तू लिहिलेस. तुमच्या कारखान्यात कानावर लावायचे मफ असतात, तसे लहान मुलांच्या मापाचे मिळतात. ते घे, किंवा त्याला सरळ घरी ठेव. गावच्या लक्ष्मीच्या यात्रेत त्याने भंडाऱ्याच्या गर्दीत उभे राहिलेच पाहिजे असा देवीचा हट्ट नसतो.

तुझी आई दृष्ट काढते, अंगारा लावते. लावू दे, तिच्या जिवाला तेवढेच बरे वाटते. पण मिरचीची धुरी देणे आणि डाग देणे या दोन गोष्टींना उंबऱ्याबाहेरच थांबव. तेथे मवाळ राहू नकोस.

डॉक्टरांकडे जायचेच आहे, आणि वही भरेपर्यंत थांबायचे नाही. वेळ मिळेपर्यंत वही आपोआप भरते. प्रथम मुलांच्या डॉक्टरांकडून ऐकणे, पाहणे, पोट, झोप तपासून घे. झटका येण्याआधी तो एकटक बघत राहतो का, अंग आखडते का, नंतर काहीच आठवत नाही का, हे असेल तर ते आवर्जून सांग, कारण तो मार्ग वेगळा आहे. स्वमग्नता, अतिचंचलता, वाचन-लेखनाची अडचण, चिंता, यांतले काही मुळाशी असू शकते, नसूही शकते. ते ठरवणे माझे काम नाही आणि शेजाऱ्यांचेही नाही. 2013 पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी कर. पुढे लागलेच तर धारवाडला मानसिक आरोग्य व मेंदूविज्ञानाची सरकारी संस्था आहे. तेथे कानडीत बोलावे लागेल आणि तुझे कानडी बाजारापुरते आहे, म्हणून वहीतले मुख्य मुद्दे आधीच कोणाकडून तरी कानडीत लिहून ने; मुलाचे दुखणे अर्धवट भाषेत सांगण्याची वेळ स्वतःवर आणू नकोस. मध्यरात्री बोलायला कोणी नसेल तर 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या, मोफत क्रमांकावर चोवीस तास माणूस भेटतो, आणि तो क्रमांक बापासाठीही आहे. औषध सुचवले तर घाबरून जाऊ नकोस आणि भरवशाचे म्हणून त्याच्यावरच विसंबूही नकोस. वजन, भूक, झोप यांवर काय परिणाम होईल ते विचार, आणि बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंद करू नकोस.

शाळेने ‘दाखला घेऊन जा’ असे सुचवले आहे, त्यावर माझे मत कडक आहे. माझ्या थोरल्याला एका शाळेने असेच काढायला लावले होते आणि तेव्हा असा कायदा असलाच तरी मला तो ठाऊक नव्हता. आता 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या मुलाला प्राथमिक शिक्षण पूर्ण होण्याआधी शाळेतून काढता येत नाही, आणि त्याला मारणे किंवा मानसिक त्रास देणे यांवरही त्याच कायद्याने बंदी आहे. पण कायदा खिशात ठेव आणि बोलणे गोड ठेव. वर्गशिक्षिकेला भेट, तिच्या वर्गातल्या पोरांची संख्या विचार, तिचा त्रास आधी ऐकून घे. मग विनंती कर की त्याला दाराजवळची जागा द्यावी, त्याने ठरलेली खूण केली की पाणी पिऊन यायला सोडावे, आणि तक्रारी डायरीत सर्वांसमोर लिहिण्याऐवजी तुला फोन करावा. तीसएक वर्षे त्या खुर्चीत बसून सांगते, ऐकून घेणाऱ्या पालकासाठी शिक्षक पुष्कळ करतात.

सूनबाईंना वेगळे पत्र लिहिणार होते, पण तूच वाचून दाखव. तुझ्या रात्रपाळीच्या आठवड्यात त्या दोन मुलांसह एकट्या असतात, आणि वहीत तुला बहुधा हेच दिसेल की वाईट संध्याकाळी त्याच आठवड्यात जास्त आहेत. तुझ्या बहिणीला त्या दिवसांत संध्याकाळी सहा ते आठ घरी येऊन बसता येईल का, हे तिला स्पष्ट शब्दांत विचार. ‘कधी तरी येत जा’ म्हटल्याने कोणी येत नसते.

भाताची लावणी आटोपली की एका रविवारी चौघे इकडे या. थोरलाही निपाणीहून येणार आहे, आणि तुझ्या मुलाला इंजिन खोलून बघायला फार आवडते असे तू मागे म्हणाला होतास. वही आणायला विसरू नकोस. धाकटीचे टाके कधी काढणार ते मात्र त्याआधी कळव.

तुझ्या
बाई