उत्तर : पावणेतीन वर्षांचा मुलगा बोलत नाही, थांबावं का?

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि सकाळी पुन्हा वाचला. मुलगा पावणेतीन वर्षांचा. मोबाईलवरची एबीसीडी आणि रंगांची नावं घडाघडा म्हणतो, पण तहान लागली की तुमचा हात धरून माठापाशी नेतो. हाक मारली तर वळत नाही. सासूबाई म्हणतात, याचा बापही उशिराच बोलला. प्लेग्रुपच्या बाई म्हणतात, घरी दोन भाषा नकोत, फक्त इंग्रजी बोला. आणि साताऱ्याजवळच्या गावातून दर आठवड्याला पुण्याला जाणं तुम्हाला झेपणारं नाही.

थांबू नका. माझा मुलगा आता पंधरा वर्षांचा आहे, स्वमग्न म्हणजे ऑटिस्टिक आहे, आणि आम्ही चौदा महिने थांबलो होतो. वेखंड उगाळून जिभेला लावलं, जीभ चिकटलीय का ते तीन ठिकाणी दाखवलं, नवस बोललो. त्या महिन्यांची हळहळ अजून जात नाही, म्हणून एवढं लांब लिहितेय.

सासूबाई खोटं बोलत नाहीत. काही मुलं खरंच उशिरा बोलतात आणि नंतर सगळं भरून काढतात. पण त्यांतली बहुतेक मुलं शब्द येण्याआधी बाकी सगळं करत असतात. 'चप्पल आण' म्हटलं की आणतात, टाटा करतात, विमान दिसलं की बोट दाखवून लगेच आईच्या तोंडाकडे बघतात, 'तूही बघितलंस ना?' अशा नजरेनं. हे दाखवणं साधारण दीड वर्षाच्या आसपास येतं. तुमच्या लिहिण्यात ते कुठेच दिसलं नाही. हात धरून माठापाशी नेणं ही मागणी आहे आणि ती मोलाची आहे, पण ते वेगळं. दोन दिवस नीट बघा, तो तुम्हाला काही दाखवायला आणतो का, नुसतं दाखवायला.

पहिलं काम कानांची तपासणी. 'वेफर्सचं पाकीट फाडलं तर पळत येतो, म्हणजे ऐकू येतंच' असं आम्हीही म्हणायचो. पण काही मुलांना जाड आवाज ऐकू येतात आणि 'स', 'श', 'फ' यांसारखे बारीक आवाज निसटतात. बेरा नावाची तपासणी मूल झोपलेलं असताना करतात, म्हणून आदल्या रात्री उशिरा झोपवून पहाटे उठवायला सांगतात. गाडीत त्याला झोपू देऊ नका. आमचा मुलगा नेमका दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत पूर्ण झोप काढून ताजातवाना झाला आणि आम्हाला दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं.

पुण्याआधी जिल्हा रुग्णालयात जा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे, त्यात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या विकासातल्या अडचणीही येतात. याच कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. तुमच्या अंगणवाडी सेविकेला विचारा, ती नाव नोंदवून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर मदत करणाऱ्या केंद्राकडे, पाठवू शकते. हे मोफत असतं. खाजगी थेरपिस्टकडे गेलात तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका, स्पीच थेरपिस्टला आणि विशेष शिक्षकाला तो असावाच लागतो. आणि स्टेम सेलनं, म्हणजे मूळ पेशी टोचून, स्वमग्नता बरी करतो म्हणणारा कुणी भेटला तर उठून या. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्येच सांगितलंय की स्वमग्नतेसाठी ते उपचार सुचवण्याजोगे नाहीत. माझ्या ओळखीच्या एका घरानं त्यासाठी शेत विकलं.

आता इंग्रजीचं. बाईंचा हेतू चांगला असेल, पण सल्ला चुकीचा आहे. दोन भाषा ऐकल्यामुळे मूल बोलायचं थांबत नाही, स्वमग्न मुलांच्या बाबतीतही तसं आढळलेलं नाही. उलट तुमच्या घरात आजी मराठी, आजोबा मराठी, शेजारी मराठी. तुम्ही एकट्या त्याच्याशी अडखळत इंग्रजी बोलाल आणि जेवताना चाललेल्या सगळ्या गप्पांतून तो बाहेर पडेल. 'व्हॉट कलर इज धिस' म्हटल्यावर 'रेड' म्हणणं हे पाठांतर झालं. 'दे', 'नको', 'अजून', 'उघड', 'बास', 'चल' हे शब्द त्याच्या उपयोगाचे आहेत, कारण ते म्हटल्यावर जगात काहीतरी घडतं. माझा मुलगा पहिल्यांदा 'नको' म्हणाला तेव्हा त्यानं भोपळ्याच्या भाजीची वाटी ढकलली होती. मी ती वाटी उचलली आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले, आनंदानं.

आम्ही सगळे करतो ती एक चूक म्हणजे मुलाची सतत परीक्षा घेणं. हे काय? कावळा कसा करतो? नाक कुठेय? दिवसभर असे प्रश्न आले तर बोलणं म्हणजे तोंडी परीक्षाच वाटणार. प्रश्न कमी करा. तो जे करतोय त्याच्या शेजारी जमिनीवर, त्याच्या तोंडासमोर बसा आणि एकच शब्द ठेवा. गाडी ढकलली, 'गेली.' पडली, 'पडली.' मग गप्प बसा. मनात दहापर्यंत मोजा. हे दहा आकडे फार लांब वाटतात, मला शिकायला वर्ष लागलं. झोक्यावर 'एक, दोन, साडेमाडे...' म्हणून झोका धरून ठेवा आणि वाट बघा. त्यानं अंग हलवलं, नजर दिली, नुसता हुंकार दिला तरी ते 'तीन' समजून झोका सोडा. लाडवाचा डबा त्याला दिसेल पण झाकण उघडणार नाही असा ठेवा, म्हणजे तुमच्याकडे यायला त्याला कारण मिळेल. मात्र 'बोललास तरच पाणी' असं कधी करू नका. हात धरून नेलं तरी त्यानं सांगितलंच आहे. पाणी द्या आणि देताना 'पाणी' म्हणा.

उद्या त्याचे शब्द यायला लागले तर कदाचित ते उलटे येतील. माझ्या मुलाला तहान लागली की तो म्हणायचा, 'तुला पाणी हवंय का?' कारण मी त्याला रोज तेच विचारायचे आणि त्यानंतर पाणी मिळायचं. लोक हसायचे. १९४३ साली लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञांनी स्वमग्न मुलांचं जे गाजलेलं सविस्तर वर्णन लिहिलं, त्यातही हे 'मी-तू'चं उलटं होणं आहे. त्या वाक्याला अर्थ होता. मग मी विचारणं सोडलं आणि पेला पुढे करताना त्याच्या जागी उभी राहून बोलायला लागले, 'मला पाणी हवंय.' मराठीत आणखी एक गंमत आहे. दिवसभर आईचंच ऐकणारा मुलगा 'मी आले', 'मी जाते' म्हणतो. म्हणून त्याच्या वतीनं बोलताना 'मी जातो' म्हणा.

कुकरची गोष्ट सांगते. चार वर्षांचा असताना संध्याकाळी मी कुकर लावला की हा भिंतीवर डोकं आपटायचा. आम्ही त्याला हट्ट म्हणायचो, माझ्याकडून दोनदा फटकाही बसला. तेव्हा आम्ही एका केंद्रात जात होतो. तिथे आईला बाहेर बसवायचे, आत तो टेबलाशी खुंट्या लावायचा, आणि घरी काय करायचं ते कुणी सांगत नव्हतं. दुसऱ्या थेरपिस्टनं मला आत बसवलं आणि विचारलं, 'आपटायला सुरुवात केव्हा होते? शिट्टी झाल्यावर की झाकण लावल्यावर?' मी आठवडाभर लिहून ठेवलं. झाकण लावल्यावर. शिट्टीपेक्षा ती कधी होणार हे न कळणं त्याला असह्य होतं. आमच्याच कुकरचा फोटो काढून फ्रिजवर लावला. कुकर लावण्याआधी फोटो दाखवायचा, 'शिट्टी होणार' म्हणायचं, आणि त्याला आजोबांबरोबर गॅलरीत पाठवायचं. तीन आठवड्यांनी एका दुपारी तो फोटो काढून माझ्याकडे घेऊन आला आणि माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. तो विचारत होता. एकही शब्द येत नसताना माझ्या मुलानं मला पहिला प्रश्न विचारला होता.

म्हणून चित्रांना घाबरू नका. चित्रं दिली तर मूल बोलायचा आळस करेल ही भीती मलाही घातली होती, तसं होत नाही. बाजारातल्या तक्त्यावरचा चकचकीत आंबा नको, त्याचाच स्टीलचा पेला, त्याचीच चप्पल, तुमच्या अंगणाचं फाटक यांचे फोटो घ्या. पुढे फोनवर हवं असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं, चित्रावर बोट ठेवलं की शब्द बोलून दाखवणारं जेलो नावाचं ॲप आहे, त्यात मराठीही आहे.

मोबाईलमुळे स्वमग्नता आली असं स्वतःला दोष देत बसू नका. तसं नसतं. पण एबीसीडीचे व्हिडिओ बोलतात आणि उत्तराची वाट बघत नाहीत, म्हणून कमी करा. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाची मर्यादा सांगते, आणि कमी तितकं चांगलं म्हणते. एकदम बंद केलात तर दोन-तीन दिवस घर डोक्यावर घेईल, त्याची तयारी ठेवा.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र, शाळा हे सगळं निदानानंतर बघू, तेव्हा पुन्हा लिहा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नताही आहे आणि वाचा-भाषेची अडचणही, एवढं आत्ता लक्षात असू द्या.

तपासणीला जाण्याआधी घरचे दोन-तीन लहान व्हिडिओ काढून ठेवा, एक जेवतानाचा, एक एकटा खेळतानाचा, एक हाक मारल्यावरचा. नव्या खोलीत मुलं घाबरून वेगळीच वागतात. तो हातानं, नजरेनं, रडून काय काय सांगतो त्याची वहीत यादी करा. आणि सासूबाईंना सोबत न्या. वाद घालू नका, कामाला लावा. संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना घंटी त्याच्या हातात देण्याआधी थांबायचं, एवढंच त्यांना सांगा. दिवसभर त्याच्याजवळ त्या असतात, त्यांना दिसलेलं बरंच काही तुमच्या यादीत नसेल.